कुत्र्यावरचे विनोद आणि आपले हसू

मंडळी, आपल्या बोलण्यात कुत्रा किती वेळा येतो, याचा कधी हिशेब केला आहे का? भ्याला तो 'शेपूट घालतो'. हट्टी माणसाचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. कुणाची फार दुर्दशा झाली, तर 'त्याचे हाल कुत्रा खाणार नाही'. बैल शेतात राबतो, म्हैस दूध देते. पण विनोदाच्या बाजारात भाव खातो तो कुत्राच. असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

माणसाने पाळलेल्या जनावरांत कुत्रा सर्वांत जुना. दहा हजारांहून अधिक वर्षांचा हा शेजार आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना आपण चार वेद मानतो. महाभारतात युधिष्ठिराने कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारले. आणि हाच शब्द रस्त्यात उच्चारला की ती शिवी होते! एकाच प्राण्याला इतकी उंच आणि इतकी खालची जागा आपण दिली, आणि या दोन जागांच्या मधल्या फटीत विनोद जन्माला येतो. नावेच पाहा ना. काळ्या कुळकुळीत कुत्र्याचे नाव 'मोत्या', आणि वीज कडाडली की खाटेखाली शिरणाऱ्याचे नाव 'वाघ्या'.

आता शब्दांवरच्या कोट्या घेऊ. "काय हो, तुम्ही कुत्रा पाळता का?" "अहो, इथं दिलेली वेळ पाळता पाळता नाकी नऊ येतात, कुत्रा कुठला पाळतो!" किंवा हे पाहा. "शेजारचा टॉमी चावला." "अस्सं? आडनाव चावला, म्हणजे पंजाबी दिसतो!" आणि धोब्याचा कुत्रा तर सर्वांच्या ओळखीचा. तो ना घरचा, ना घाटाचा. म्हणीतला घाट नदीवरचा, कपडे धुण्याचा. पण आपल्या किनाऱ्यावर 'घाट' म्हटले की डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. म्हणून आपल्याकडचा एखादा पोरगा विचारील, "गुरुजी, घरचा नाही, घाटाचा नाही, मग तो खोपोलीला राहतो का?"

यात हसू येते कशाने? भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये बसावे आणि उतरताना पाहावे तो समोर मांडवा, तसे इथे मनाचे होते. मन एका अर्थाच्या वाटेने निघते आणि दुसऱ्याच अर्थाच्या धक्क्याला लागते. मात्र तो दुसरा धक्काही खरा असावा लागतो. दोन्ही अर्थ जुळले तरच कोटी. नाही तर नुसती बडबड. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली म्हटले, की ताणलेली अपेक्षा एकाएकी फुसकी निघाली म्हणजे आपण हसतो. त्याच्या कितीतरी आधी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वेडावाकडा वेश आणि विसंगत बोलणे ही हास्याची कारणे सांगितली, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याच्या सहा पायऱ्याही मोजल्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात श्लेष शिकवताना एक सोपी कसोटी वापरून पाहा. विनोदातला मुख्य शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घाला. 'कुत्रा पाळता का' याऐवजी 'कुत्रा बाळगता का' असे विचारले, की गंमत मेली. म्हणजे ती शब्दावर उभी होती. आता हे घ्या. "भिऊ नका, भुंकणारा कुत्रा चावत नाही." "ही म्हण तुम्हांला ठाऊक, मला ठाऊक. पण कुत्र्याला ठाऊक आहे का?" इथे कुत्र्याच्या जागी श्वान म्हणा, विनोद जिवंतच राहतो. तो शब्दात नाही, प्रसंगात आहे. मुले अशी चार उदाहरणे स्वतः तपासतील, तर व्याख्या पाठ करायची गरज उरणार नाही.

हसण्याला आणखी एक अट आहे. हसणाऱ्याला इजा होता कामा नये. कुत्र्यावर कितीही कोट्या करा, तो रागावत नाही. माणसाचे तसे नाही. 'मी काय अलिबागहून आलोय?' हे वाक्य ऐकून अलिबागकर दुखावतात. त्यावर बंदी घाला म्हणून कुणी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ साली न्यायालयाने ती याचिका फेटाळली. कायद्याने हसू थांबत नाही, हे खरे. पण वर्गात एखाद्या पोराला 'कुत्र्या' म्हणून सगळे हसतात, तेव्हा हसत नाही तो एकटाच. तिथे विनोद संपला असे समजावे.

आणि काही विनोद तर जिवावर बेततात. भुंकणारा चावत नाही, ही नुसती म्हण. पिसाळलेला कुत्रा न भुंकताही चावतो. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही थट्टाही तशीच. पूर्वी ती खरी होती, म्हणून तिला धार होती. पण ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता लस दंडावर, चार-पाच वेळाच घ्यावी लागते. तरी जुन्या थट्टेच्या भीतीने माणसे दवाखाना टाळतात. हा रोग एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस सहसा वाचत नाही. वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. तेव्हा कुत्रा चावला, तर जखमेवर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

विनोद मुलांना मनमुराद सांगा. फक्त 'भुंकणारा चावत नाही' यावर वर्ग हसला, की त्या हशातच साबणाची आणि लशीची गोष्टही सांगून टाका. हसत ऐकलेले मुले विसरत नाहीत.