स्वतःच्या उद्योगाचे संकेतस्थळ: होस्टिंग सेवा निवडताना काय तपासावे?

मुद्रा कर्ज, पीएमएफएमई अनुदान किंवा बचत गटाच्या निधीतून सुरू केलेला उद्योग स्थिरावला की स्वतःचे संकेतस्थळ असावे, असे अनेक लाभार्थ्यांना वाटते. ते बनवून देणारी व्यक्ती सहज मिळते. मात्र संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे, ते कुठे ठेवले आहे आणि दरवर्षी किती खर्च येणार, हे विचारायचे राहून जाते. पैसे देण्यापूर्वी तपासायच्या बाबी येथे दिल्या आहेत.

डोमेन आणि होस्टिंग म्हणजे काय?

- डोमेन नाव हा तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते.
- होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाची पाने, छायाचित्रे व माहिती ठेवण्यासाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा.

पत्ता आणि भाड्याचा गाळा जसे वेगळे, तशाच या दोन सेवा वेगळ्या आहेत. त्या दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात. पत्ता आपल्या हातात असेल तर गाळा केव्हाही बदलता येतो.

‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’ या नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) ही संस्था पाहते. नोंदणी मात्र तिच्या मान्यताप्राप्त नोंदणी कंपन्यांमार्फत होते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ नाव २०१४ पासून घेता येते. काही ॲप व ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून सोबत ‘डॉट इन’ नावही असलेले बरे.

संकेतस्थळाची गरज आहे का?

सुरुवातीला विक्रीसाठी स्वतःचे संकेतस्थळ असलेच पाहिजे असे नाही. बचत गटांच्या उत्पादनांसाठी ई-सरस आणि सरकारी खरेदीसाठी जेम ही पोर्टल उपलब्ध आहेत. उद्यम नोंदणीसाठी संकेतस्थळ लागत नाही आणि ही नोंदणी मोफत आहे. ‘योजनेसाठी संकेतस्थळ सक्तीचे आहे’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर आधी बँक शाखेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

सर्वात महत्त्वाचे: नोंदणी कोणाच्या नावावर?

समजा, एका बचत गटाने मसाल्याच्या पाकिटांवर आपल्या संकेतस्थळाचा पत्ता छापला. नोंदणी मात्र ते बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर झाली होती. दोन वर्षांनी त्याने हे काम सोडले. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर गेल्या आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर संकेतस्थळ बंद पडले. मुदत संपल्यावर नाव सोडवून घेण्यासाठी काही दिवस मिळतात, पण त्यासाठी अनेकदा जादा शुल्क पडते. तेही दिवस उलटले की ते नाव कोणीही घेऊ शकतो. पाकिटे गटाची आणि पत्ता परक्याचा, अशी अवस्था होते.

हे टाळण्यासाठी:

- डोमेनची नोंदणी उद्योगाच्या, गटाच्या किंवा मालकाच्या नावावर करा.
- खात्याला स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडा. ओटीपी तुमच्याकडेच आला पाहिजे.
- गट असल्यास लॉगिनची माहिती अध्यक्ष व सचिव या दोघींकडे ठेवा. पदाधिकारी बदलल्यावर पासवर्ड बदला.
- नूतनीकरणाची तारीख इतिवृत्त वहीत लिहून ठेवा.

होस्टिंग कंपन्यांची तुलना कशी करावी?

१. पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर पाहा. उदाहरणार्थ, जाहिरातीत दरमहा ९९ रुपये लिहिले आहेत, पण तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचे आहेत. १८ टक्के जीएसटीसह ही रक्कम सुमारे ४,२०६ रुपये होते. त्यानंतरचा दर दरमहा २९९ रुपये असेल, तर पुढील एकाच वर्षाला सुमारे ४,२३४ रुपये लागतील. म्हणजे तीन वर्षांना दिले त्याहून जास्त एका वर्षाला.

२. गरजेपुरतीच जागा घ्या. उत्पादनांची माहिती, छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक एवढेच द्यायचे असेल, तर साधे शेअर्ड होस्टिंग पुरते. त्यात एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे असतात, म्हणून ते स्वस्त पडते. ग्राहकांची वर्दळ वाढल्यावर मोठी योजना घेता येते.

३. संकेतस्थळ किती वेळ चालू राहील? ९९.९ टक्के हमी म्हणजे महिन्यात सुमारे ४३ मिनिटे बंद. ९९ टक्के म्हणजे महिन्यात सात तासांहून अधिक. हमी पाळली नाही तर काय भरपाई मिळते, तेही वाचा.

४. बॅकअप. प्रत किती दिवसांनी घेतली जाते आणि ती परत मिळवण्यासाठी वेगळे पैसे लागतात का, हे विचारा. महिन्यातून एकदा स्वतःची प्रत संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा.

५. एसएसएल प्रमाणपत्र. याच्याशिवाय ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. लेट्स एन्क्रिप्टसारखी प्रमाणपत्रे मोफत मिळतात, त्यामुळे साध्या संकेतस्थळासाठी वेगळे पैसे मोजण्यापूर्वी विचार करा.

६. मदत. पैसे भरण्याआधी मदत क्रमांकावर एकदा फोन करून पाहा. फोन उचलतात का, तुम्हाला समजेल अशा भाषेत उत्तर देतात का, हे तेव्हाच कळते.

७. सोडून जाण्याची सोय. संकेतस्थळाच्या सर्व फाइल मिळतील का, डोमेन दुसरीकडे नेण्याचा कोड मिळेल का आणि पैसे परत मिळण्याची मुदत किती, हे लेखी घ्या. या प्रश्नांना टाळाटाळ करणारी कंपनी स्वस्त असली तरी घेऊ नका.

फसवणुकीपासून सावध राहा

‘तुमचे डोमेन आज बंद होणार, ताबडतोब पैसे भरा’ असा ईमेल किंवा फोन आला, तर त्यातील लिंक उघडू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून तारीख तपासा. प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवा. उद्योगाची जीएसटी नोंदणी असल्यास बिलावर आपला क्रमांक टाकून घ्या.

- पैसे घेऊन सेवा दिली नाही तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५
- ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास: सायबर हेल्पलाइन १९३०. शक्य तितक्या लवकर फोन करा, म्हणजे रक्कम रोखण्याची शक्यता वाढते.

संकेतस्थळ आधीच असेल तर

बनवून देणाऱ्या व्यक्तीकडून डोमेन व होस्टिंग या दोन्ही खात्यांचे लॉगिन मागून घ्या. नोंदणीदार म्हणून कोणाचे नाव आहे आणि मुदत केव्हा संपते, ते पाहा. नाव दुसऱ्याचे असल्यास ते बदलून घेण्याचे काम संबंध चांगले असतानाच उरकून घ्या.