मुलीची खपली, आईवर खापर

‘आईला मंत्रचळ, मग पोरगी दुसरं काय शिकणार?’ आई दिवसभर हात धुते, कडी पुन्हा पुन्हा तपासते. आणि नववीतली मुलगी गालावरच्या पुटकुळ्या रक्त येईपर्यंत उकरते, खपली धरू देत नाही. अशा घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आजी बोलते, शेजारीण बोलते. मुलीचे वडीलही तेच म्हणतात, तेव्हा मात्र संताप येतो.

वस्तुस्थिती काय? नातं आहे, पण ते ‘बघून शिकण्याचं’ नव्हे. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात त्वचा उकरण्याचा विकार अधिक आढळतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात २०१३ साली त्याला ओसीडीच्याच गटात स्वतंत्र जागा मिळाली. ब्रिटनमधल्या जुळ्या स्त्रियांच्या २०१२ मधल्या अभ्यासात या सवयीतल्या फरकांपैकी सुमारे ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. उरलेला वाटा ज्याच्या-त्याच्या वेगळ्या अनुभवांचा आणि मोजमापातल्या चुकांचा. दोघी बहिणींना सारख्याच मिळालेल्या घरच्या वळणाचा वेगळा प्रभाव त्यात दिसला नाही. हा अभ्यास प्रौढ स्त्रियांचा, एवढ्यानं वाद मिटत नाही, हे मान्य. पण ‘आईचं बघून’ म्हणणाऱ्यांच्या हाती एवढाही पुरावा नाही!

नाकडोळे आईचे आले म्हणून आपण तिला दोष देतो का? मग इथेच का?

घरच्यांच्या वागण्यानं फरक पडतो, तो पुढे. रोज चेहरा तपासणं, ‘हात खाली!’ म्हणून ओरडणं, पाहुण्यांसमोर डाग दाखवणं, यानं मुलीची लाज वाढते. आणि ती दार लावून उकरत बसते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘मनावर घेतलं तर थांबेल.’ हात कित्येकदा नकळत जातो. तो ओळखून त्याला दुसरं काम देण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

‘मुरुम गेले की सवय जाईल.’ सुरुवात अनेकदा मुरुमांपासून होते, पण पुढे निरोगी त्वचाही सुटत नाही.

‘तिला स्वतःला इजाच करायची आहे.’ बहुतेकदा हेतू ताण हलका करण्याचा किंवा त्वचा ‘नीट’ करण्याचा असतो.

‘आईनं आपला आजार मुलीपासून लपवावा.’ उलट, आईनं स्वतः उपचार घ्यावेत आणि तिला सांगावं, ‘माझेही हात ऐकत नाहीत गं.’ दार आतून उघडायला ते वाक्य पुष्कळदा पुरतं. मदतीची सुरुवात १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावरूनही करता येते.