जबड्याआधीचे दात

दातावरचे एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण दात हिरडीतून वर येईपर्यंत ते घडवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. मोडलेले हाड जुळते, जखमेवर नवी कातडी येते. एनॅमलचा टवका उडाला की तो उडालाच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका सागरी प्राण्याची ही अडचण नव्हती.

त्याचे दात आधी सापडले, प्राणी फार नंतर. १८५६ मध्ये ख्रिश्चन पांडर यांनी बाल्टिक परिसरातल्या खडकांतून मिठाच्या कणाएवढे दातेरी तुकडे वर्णिले. हे ‘कोनोडॉन्ट’ कोणाचे, यावर शतकभर नुसते तर्क चालले. कोणी मासा म्हणाले, कोणी कृमी. वनस्पतीपर्यंतही मजल गेली! अखेर एडिनबरातल्या एका संग्रहातले जुने नमुने पाहताना युआन क्लार्कसन यांना सुमारे चार सेंटिमीटरचा, वाम माशासारखा लांबट ठसा दिसला. १९८३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. प्राण्याचे नाव क्लायडॅग्नॅथस. अंगात इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे स्नायू, पाठीत लवचीक दांडी, शेपटीला पर आणि डोक्याशी तेच दात. जबडा मात्र नाही.

दात कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे आपल्या एनॅमलच्याच द्रव्याचे. पुढचे भक्ष्य पकडत, मागचे ते कापत किंवा भरडत. सूक्ष्मदर्शकाखाली झिजेचे ओरखडेही दिसतात. त्यामुळे एनॅमलचा उगम इथेच, असे अनेकांना वाटले. २०१३ मधल्या संशोधनाने ते खोडले: कोनोडॉन्टचे एनॅमलसदृश आवरण स्वतंत्रपणे विकसित झाले होते. नाते तुटले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

कारण खरी गंमत दाताच्या वाढीत आहे. त्यावर बाहेरून एकेक थर चढत असे. तुटलेले टोक आणि झिजलेली कड नव्या थराखाली गाडली गेल्याच्या खुणा जीवाश्मांत आढळतात. पण थर चढवायचा तर जिवंत ऊतीने दात झाकायला हवा, आणि झाकलेल्या दाताने चावणार कसे? म्हणून अभ्यासक मानतात, की काही काळ दात वापरात असे, मग ऊतीखाली जाऊन दुरुस्त होई आणि पुन्हा कामाला लागे.