बहिष्कार कोणावर?

‘बहिष्कृत’ हा शब्द आपण जन्मापासून ओळखतो. बहिष्कार घालायला निघालेल्यालाच धर्मसत्तेने बहिष्कृत केले, असे मात्र क्वचितच ऐकू येते. म्हणूनच एका लहानशा शाळेचा इतिहास मी वर्गात सांगतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या मुखाकडे ब्यूरास नावाचे गाव आहे. तेथील कॅथलिक चर्चची ही प्राथमिक शाळा, ‘अवर लेडी ऑफ गुड हार्बर’.

चर्चमध्ये सारे समान, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. लुइझियानात काळे कॅथलिक मागच्या बाकांवर बसत आणि त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी 1956 साली पत्रक काढून हा भेद पाप ठरवला. शाळा पुढेही सहा वर्षे तशाच चालल्या! (यात आपल्याला नवल वाटू नये. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे ठरावाने खुले केले 1924 साली. बाबासाहेबांनी ओंजळ भरली 1927 साली.) अखेर मार्च 1962 मध्ये, पंच्याऐंशी वर्षांच्या आणि जवळजवळ अंध झालेल्या रमेल यांनी सर्व कॅथलिक शाळा काळ्या मुलांना खुल्या होतील असे जाहीर केले.

ब्यूरासच्या भागात सत्ता लिअँडर पेरेझ याची. तोही कॅथलिकच. गोऱ्यांनी या शाळांतून मुले काढावीत, चर्चला पैसा देऊ नये, असे तो सांगत फिरला. 16 एप्रिल 1962 रोजी रमेल यांनी त्याला व आणखी दोघांना धर्मबहिष्कृत केले.

ऑगस्टअखेर पाच काळी मुले ब्यूरासच्या शाळेत दाखल झाली. गोऱ्या पालकांनी आपली मुले घरी ठेवली. धमक्या आल्या, तेव्हा काळ्या आईबापांनीही मुले पाठवणे थांबवले. शाळा ओस पडली. ऑगस्ट 1963 मध्ये तिच्या इमारतीत स्फोट घडवला गेला.

मी गावच्या शाळेत दाराशी बसत असे. एका भल्या मास्तरांनी मला आत, रांगेत बसवले. आठवड्याच्या आत आईची मजुरी बंद झाली. मास्तरांची पुढे बदली झाली. आम्हाला बदली कुठली? म्हणून रमेल यांच्याविषयी आदर असूनही माझे लक्ष त्या पाच घरांकडे जाते. हुकूम आर्चबिशपांचा होता, पण धमक्या त्या घरांच्या दारात आल्या.

पेरेझवरचा धर्मबहिष्कार त्याच्या मृत्यूपूर्वीच उठला. 1969 साली तो वारला, तेव्हा त्याचे अंत्यविधी न्यू ऑर्लिन्सच्या कॅथलिक चर्चमध्ये रीतसर पार पडले.