निर्देशांक, वायदा आणि श्रावकाची मर्यादा

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा ढीग पडला की खरेदीदार आधी कांडी मोडून पाहतो. आतला रंग आणि वाळवण पटल्यावरच बोली लावतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील ज्या जैन पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आडत सांभाळली, त्यांच्या घरातील तरुण आता त्याच गादीवर बसून मोबाइलवर निफ्टीचे सौदे करतात. तेथे मोडून पाहावी अशी कांडी नसते.

शेअरबाजार जैन समाजाला परका मात्र कधीच नव्हता. 1875 मध्ये मुंबईत दलालांची जी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत सुरतेचे प्रेमचंद रायचंद अग्रणी होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीचे ते राजे होते. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांची दौलत वाहून गेली. परंतु तेजीच्या भरात, 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. राजाबाई टॉवर आजही उभा आहे.

सेन्सेक्स 1986 मध्ये सुरू झाला. तीस मोठ्या कंपन्यांच्या या निर्देशांकाला 1978-79 हे पायाभूत वर्ष धरून 100 हा आकडा दिला गेला. सप्टेंबर 2024 मध्ये तो 86 हजारांच्या उंबरठ्यावर पोहोचला. ही वाढ त्याच तीस कंपन्यांनी दिलेली नाही. पहिल्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी होती. ती पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण निर्देशांकाने तिला बरेच आधी वगळले होते. खराब माल बाजूला काढून नवा माल भरण्याचे हे काम ठराविक काळाने होतच असते. निर्देशांकाचा फंड घेणाऱ्याला ते स्वतः करावे लागत नाही, हाच त्याचा मोठा लाभ. तरीही वाट सपाट नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 8 हजारांखाली उतरला होता. 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांवर गेलेली हळद दोन वर्षांत पाच हजारांखाली आलेली ज्यांनी पाहिली, त्यांना याचे नवल वाटू नये.

खरा धोका वेगळ्या दाराने येतो. निर्देशांक विकत घेणे आणि निर्देशांकावर सौदा लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निफ्टीच्या वायद्यात आणि ऑप्शनमध्ये कंपनीचा एकही समभाग हाती येत नाही. मुदत संपली की फक्त फरकाचा हिशेब होतो. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत समभागांशी निगडित वायदे-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांनी तोटा सोसला. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक होता. हळदीचा वायदा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात निदान माल असतो, भाव पडण्याचा धोका तो त्या वायद्याने झाकतो. निफ्टीचा साप्ताहिक ऑप्शन घेणाऱ्या बहुतेकांच्या गोदामात झाकण्याजोगे काहीच नसते. आणि गमावलेली रक्कम अनेकदा पेढीच्या खेळत्या भांडवलातून, म्हणजे शेतकऱ्याला द्यावयाच्या पैशातून गेलेली असते. या तोट्याला केवळ घरातील बाब म्हणता येत नाही.

धर्माच्या बाजूने दोन प्रश्न उरतात. पहिला परिग्रह-परिमाणाचा. ज्याने धनाची मर्यादा रुपयांत बांधली आहे, त्याचे युनिट काहीही खरेदी न करता वाढून मर्यादा ओलांडू शकतात. व्रत घेतानाच वाढीचा विचार करून, वरचा भाग दानात कधी आणि कसा जाईल हे गुरूंच्या साक्षीने ठरवून ठेवणे उचित.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांचा विचार आहे. निर्देशांक असा भेद करीत नाही. आयटीसी 1986 पासून सेन्सेक्समध्ये आहे, निफ्टीतही आहे, आणि तिच्या नफ्याचा मोठा वाटा सिगारेटचा आहे. फंड घेणाऱ्याला ती कंपनी वगळता येत नाही. ज्यांना तंबाखूचा पैसा नकोच, त्यांना उरलेले समभाग एकेक करून स्वतः घ्यावे लागतील, त्यांचे प्रमाण राखावे लागेल, आणि यादी बदलली की खरेदी-विक्रीचा खर्च व कर दोन्ही सोसावे लागतील.