बापीच्या गोष्टी – १७ : नंबर भेटला, टास्क नाही

टास्क कुणाच्या नावावर टाकायचा, त्या पार्टनरच्या रकान्याबद्दल आज लिहीन असं मागच्या गोष्टीत कबूल केलं होतं. ते राहू द्या. मधेच एक फोन आला आणि आठवडा त्यातच गेला.

फोन करणारा मुलगा वरुडचा, नोकरी हिंजवडीला.

"सर, नंबर भेटला ना जी. मंग टास्क काऊन नाही दिसत?"

"काय नंबर भेटला, वाच बरं."

"टक्का, मंग दहा शून्यं, मंग एक."

मला हसू आलं. सॅपच्या पीएम, म्हणजे देखभालीच्या, मॉड्यूलमध्ये काम केलं आणि हा टक्क्यावाला नंबर भेटला नाही, असा प्रोग्रॅमर मी तरी अजून पाहिला नाही.

पोरानं काय केलं होतं? फंक्शन चालवून बघायचा स्क्रीन एसई३७ उघडून ‘बापी_एएलएम_नोटिफ_क्रिएट’ ही बापी, म्हणजे सॅपनं दुसऱ्या प्रोग्रॅममधून बोलावण्यासाठी दिलेलं तयार फंक्शन, चालवली. नोटिफिकेशनचा प्रकार एम१, आणि नोटिफटास्क या टेबलात दोन ओळी : पंपाचं बेअरिंग तपासणे, ग्रीस भरणे. रिटर्न टेबल रिकामं, म्हणजे तक्रार काही नाही. वरून नंबरही आला. तो नंबर घेऊन गडी नोटिफिकेशन उघडायच्या आयडब्ल्यू२२ या स्क्रीनमध्ये गेला आणि तिथं कुणी ओळखच दाखवेना.

तो टक्का म्हणजे सॅपनं दिलेली खूण आहे : हे कच्चं आहे. क्रिएट ही बापी नोटिफिकेशन आणि त्याचे टास्क फक्त मेमरीत रचून ठेवते. त्यानंतर ‘बापी_एएलएम_नोटिफ_सेव्ह’ला तोच टक्क्यावाला नंबर द्यायचा. ती मालिकेतला खरा क्रमांक काढून देते. तरीही डेटाबेसमध्ये अजून काहीच नसतं. शेवटी ‘बापी_ट्रान्झॅक्शन_कमिट’ बोलावली की क्यूएमईएल टेबलात नोटिफिकेशन उतरतं आणि क्यूएमएसएम टेबलात टास्क.

मोर्शी-वरुड पट्ट्यात ज्यानं एकदा तरी संत्र्याची बाग विकत घेतली, त्याला हे वेगळं सांगायला नको. तलाठ्याकडं खरेदीची नोंद होते, फेरफाराला क्रमांक पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात. सातबाऱ्यावर नाव चढतं ते मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केल्यावर. तोवर तिथं नुसतं ‘प्रलंबित फेरफार’. फेरफार पडला, एवढ्यावर कुणी बाग आपल्या नावावर झाली असं म्हणत नाही. आमचे प्रोग्रॅमर मात्र म्हणतात. उपमा एका ठिकाणी लंगडी आहे, तेही सांगतो : फेरफार नामंजूर झाला तरी त्याचा क्रमांक वहीत राहतो, टक्क्यावाला नंबर मात्र सेशन संपलं की मेला.

मग मुलाचा पुढचा प्रश्न. "सेव्हपण चालवली न सर. कमिटपण. तरी नाही."

खरी गोम इथं आहे. एसई३७ मध्ये एक फंक्शन चालवून बाहेर आलात आणि दुसरं चालवलं, की पहिल्याची मेमरी गेलेली असते. सेव्हला आपण जो टक्का देतो, तो तिच्या लेखी कधी जन्मलाच नाही. त्यासाठी एसई३७ मध्येच टेस्ट सिक्वेन्स नावाची सोय आहे. तिन्ही नावं ओळीनं लिहायची, म्हणजे एकाच सेशनमध्ये ती एकामागून एक चालतात. मेन्यूत ती अशी दडलेली आहे की वर्षानुवर्षं सॅपवर बसलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. जावामधून बोलावणाऱ्यांचीही हीच गत होते. तिन्ही कॉल एकाच कनेक्शनवरून जायला हवेत, म्हणून जेसीओ या सॅपच्या जावा जोडणीत आधी कॉन्टेक्स्ट सुरू करायचा आणि कमिटनंतर संपवायचा.

आता कुणी म्हणेल, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? बापीनं स्वतःच कमिट करून मोकळं व्हावं. सुरुवातीच्या काही बापी तसं करायच्याही. पण अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीज केंद्र डोळ्यांपुढं आणा. २५० मेगावॉटचे दोन संच, आणि महानिर्मितीचा कारभार सॅपवर. अशा ठिकाणी एका बिघाडामागं नोटिफिकेशन, त्याचे टास्क, त्यावरची वर्क ऑर्डर अशी माळ असते. ऑर्डर अडली आणि नोटिफिकेशन तेवढं कमिट होऊन बसलं, तर ते अनाथ पोर कुणी सांभाळायचं? म्हणून नियम असा : बापीनं आपलं काम मांडून ठेवायचं, पक्कं करायचा हक्क बोलावणाऱ्याचा. सगळं जमलं तर कमिट, एक जरी फसलं तर ‘बापी_ट्रान्झॅक्शन_रोलबॅक’. मला हा नियम पटतो. अंगावर शेकला असूनही पटतो.

शेकला तो असा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणीच्या एक्सेलमधून रात्री टास्क तयार करायचा माझा प्रोग्रॅम होता. दर ओळीनंतर मी एसवाय-सबआरसी शून्य आहे का, ते बघत होतो आणि शून्य दिसलं की ‘तयार’ मोजत होतो. बापी अपवाद फेकत नाही, त्यामुळं ते शून्य नेहमीच शून्य. चूक झालीच तर ती रिटर्न टेबलात ‘ई’ किंवा ‘ए’ म्हणून येते. टास्कचा कोड क्रमांक २ च्या कॅटलॉगमध्ये नसेल, तर तेही तिथंच कळतं. मी ते टेबल वाचतच नव्हतो. त्यात कमिटची ओळ एका इफच्या पोटात गेली होती आणि ती अट त्या रात्री एकदाही खरी ठरली नाही. सेव्ह मात्र दर वेळी चालली. सकाळच्या मेलमध्ये चारशेच्या वर नोटिफिकेशन, सगळ्यांना अस्सल, बिनटक्क्याचे क्रमांक. क्रमांक खरे, कामं खोटी. सुपरवायझर यादी हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि एकच वाक्य बोलला, "यातलं एक दाखवा." त्या क्रमांकांच्या मालिकेत पडलेलं भगदाड पुढं ऑडिटमध्येही मलाच समजावून सांगावं लागलं. सॅप सुरुवातीला खरा क्रमांक का देत नाही, टक्काच का देते, ते त्या दिवशी नीट उमगलं.

त्याच दिवसांतली गोष्ट. सुटीत मोर्शीला आलो होतो, मळ्यात झाडाखाली बसून फोनवर ओरडत होतो, "बापी कमिट नाही झाली!" आई डवरा लावलेल्या गड्याला म्हणाली, "कोन्या बापीचं लग्न मोडलं व माय?"

एक बारीक गोष्ट राहिली. कमिटला वेट नावाचं पॅरामीटर आहे, त्यात एक्स भरायचा. नाही भरला तर डेटाबेसमधलं लिखाण मागं चालू राहतं आणि प्रोग्रॅम पुढं पळतो. लगेच पुढच्या ओळीत तोच टास्क वाचायला गेलात तर कधी सापडतो, कधी नाही. अशी चूक टेस्टिंगला दिसत नाही, गर्दीच्या वेळी दिसते. आणि कमिट करूनही टास्क नसेल, तर एसएम१३ उघडून बघा. फसलेले अपडेट तिथं पडलेले असतात.

मुलाचा रात्री मेसेज आला. टक्का गेला, आयडब्ल्यू२२ मध्ये दोन्ही टास्क दिसतात, स्टेटस टीएसओएस, म्हणजे बाकी. पार्टनरचा रकाना त्यानं रिकामाच सोडला आहे. तो पुढच्या आठवड्यात, नक्की.