प्रेक्षकांनी राखलेला क्लब

इंग्लंडात एक्झिटर नावाचे गाव आहे. तेथे १९०४ सालचा जुना फुटबॉल क्लब आहे. २००३ साली त्याच्यावर वाईट पाळी आली. डोक्यावर कर्जाचा डोंगर. संघ हरत गेला नि वरच्या स्पर्धेतून बाहेर पडला. आता क्लबाला कुलूप लागणार!

पण खेळ पाहणारी माणसे गप्प बसली नाहीत. त्यांनी एक ट्रस्ट काढलेला होता. वर्गणी भरावी, सभासद व्हावे. कोणी कितीही पैसे देवो, मत मात्र एकच. आपल्या सहकारी सोसायटीत असते ना, तसेच! आम्हांला यातच खरे मर्म दिसते. पैसेवाल्याची मर्जी फिरली म्हणून क्लब बुडत नाही. ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला.

पण नुसत्या वर्गणीने एवढे कर्ज कसे फिटावे? जानेवारी २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड या बलाढ्य संघाशी, त्याच्याच मैदानावर, सामना आला. ६७ हजारांवर प्रेक्षक! गोल एकही झाला नाही. म्हणून पुन्हा सामना झाला, तो एक्झिटरला. त्यात एक्झिटर हरले. हरले तर हरले! दोन सामन्यांच्या पैशांनी कर्जाचा मोठा भार उतरला. २००८ साली संघ वरच्या स्पर्धेत परत गेला.